निंगव्वाचं तूप

दुष्काळाच्या गोष्टी मी पुष्कळ सांगितल्या आहेत. शेतकरी मेळाव्यांत सांगितल्या, लग्नाच्या पंगतीत सांगितल्या, नातवंडांना तर इतक्या वेळा की ती पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणतात. पण दर वेळी मी एकाच ठिकाणी थांबतो. कडबा वाळवीपासून कसा वाचवला इथवर येतो आणि प्यायला पाणी मागतो. त्यापुढचं मी बायकोलाही कधी नीट सांगितलं नाही. ती आता नाही. यंदा या अंकाच्या संपादकांना ‘कडबा वाचवणारा माणूस’ म्हणून माझ्यावर लेख हवा होता. मी म्हटलं, मीच लिहितो. लिहायला बसलो तेव्हा वाटलं होतं, सगळं स्पष्ट आठवतंय. आता तसं वाटत नाही. काय झालं ते आठवतं. त्याचा अर्थ काय लावायचा, ते कळत नाही.

मी शेतकी खात्यात होतो. हुद्दा सांगण्यासारखा नव्हता. मूळचा करमाळ्याकडचा, बदली झाली अक्कलकोट तालुक्यात, दुधनीच्या बाजूला. एक सायकल, एक पिशवी आणि आजूबाजूची गावं. लोक घरात कानडी बोलत आणि माझ्याशी मराठी. मला कानडी फक्त ‘बर्री’ म्हणजे ‘या’ एवढंच कळायचं, आणि तेवढ्यावर माझं निभायचं, कारण पुढे चहा यायचा.

बाहेरच्यांना काम समजावं म्हणून सांगतो. ज्वारीवर नाकतोडे पडत, कणसात अळी पडे. त्यावर आमच्याकडे बी.एच.सी. नावाची भुकटी होती. गावात तिला नुसतं ‘पावडर’ म्हणत. जुन्या धोतराच्या फडक्यात ती बांधायची, पहाटे पिकावर दव असताना काठीनं गाठोड्याला टिचक्या मारत सरीतून चालायचं. पांढरा धुरळा पानांवर बसे. उन्हं वर येईपर्यंत नाकतोडे खाली पडलेले दिसत. लोकांना असा चमत्कार फार आवडतो. माझं नावच ‘पावडरसाहेब’ पडलं.

सुरुवातीला लोक भीत. पिकावर विष कसं टाकायचं म्हणत. त्यावर मी एक युक्ती काढली होती. सगळे जमले की पावडर तळहातावर घ्यायची, दोन्ही हातांना चोळायची, आणि मग हात न धुता सगळ्यांसमोर फडक्यातली भाकरी काढून खायची. “बघा,” मी म्हणायचो, “मी मेलो का?” लोक हसत, एखादी म्हातारी तोंडावर पदर धरे, आणि पोती संपत. खात्यानं हे शिकवलं नव्हतं. ही माझी स्वतःची अक्कल. तिचा मला अभिमान होता.

लोकांनी त्या पावडरीचं काय काय केलं, ते सांगितलं तर हसाल. दुधनीच्या बाजारातल्या एका किराणावाल्यानं पोरीच्या डोक्यात उवांसाठी चोळली. एका गुरुजींनी खाटेवर पसरून वर सतरंजी घातली आणि मला वाटेत अडवून भांडले, “तुमची पावडर खोटी आहे. ढेकणं आणखी माजली.” शिवलिंगप्पा नावाच्या म्हाताऱ्यानं गोचिडासाठी बैलाच्या पाठीवर ओंजळभर चोळली. बैल अंग चाटायला लागला आणि संध्याकाळपर्यंत थरथरत होता. म्हातारा म्हणाला, “साहेब, गोचीड मेली, पण बैल नाचाया लागला की!” आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसलो. बैल का थरथरला, हे मी कोणालाच विचारलं नाही.

आता कडबा. ज्वारीची कणसं खुडल्यावर उरलेली वाळकी ताटं म्हणजे कडबा. त्याच्या पेंढ्या बांधून, एकावर एक थर देऊन घराएवढी गंज रचतात. सोलापूरकडच्या माणसाला गंज दिसली की त्याला झोप लागते. बहात्तरच्या दुष्काळात गंजी संपल्या. गुरं छावणीत गेली, काही विकली गेली, काही दावणीलाच बसली ती उठली नाहीत. ज्यांनी ते पाहिलं, त्यांच्या मनात कडब्याबद्दल एक वेडच शिरलं. पुढची दोन-तीन वर्षं जरा पिकलं तेव्हा लोक दाणे विकत, पण कडब्याची काडी हलवू देत नसत. जुनी गंज तशीच ठेवून शेजारी नवी रचत. आणि जुन्या गंजीला खालून वाळवी लागे.

निंगव्वा मला भेटली ती अशीच, वाळवी लागलेल्या गंजीपुढे. विधवा बाई, पन्नाशीची. दोन म्हशी दुष्काळात गेलेल्या, एक वाचलेली. तिचं नाव कर्री. कर्रीला वाचवायला बाईनं छपराचं पाचट ओढून खायला घातलं होतं आणि स्वतः पावसाळाभर गळक्या घरात राहिली होती. त्या दिवशी ती गंजीच्या बुडात हात घालून पेंढी ओढत होती आणि हातात नुसती माती येत होती.

“साहेब,” ती म्हणाली, “नाकतोडं मारतासा, हे मारा की. ह्यो माझा कडबा न्हाय, माझी म्हस खायला लागलीय ही वाळवी.”

मी तिथल्या तिथे सांगितलं. गंज मोडा, जागेवर पावडर पसरा, आणि रचताना दर दोन थरांमध्ये पावडरीचा हात मारा. आमच्या माहितीपत्रकात पीक होतं, कडब्याची गंज कुठेच नव्हती. जनावराच्या वैरणीवर पावडर टाका असं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितोय. वरून आदेश होता, असं मी नंतर दोन-तीनदा लोकांना सांगितलं आहे. ते खोटं होतं.

निंगव्वाची गंज मी स्वतः उभं राहून रचून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात बुडातली पेंढीसुद्धा पिवळीधमक निघाली. बातमी पसरली. लोक बोलावून नेऊ लागले. तालुक्याच्या बैठकीत माझा हार घालून सत्कार झाला. तो हार मी निंगव्वाच्या घरी नेला. तिनं तो कर्रीच्या शिंगांना बांधला आणि कर्रीनं खाऊन टाकला.

निंगव्वाकडे एक मांजर होतं. ते गंजीत उबेला झोपायचं आणि मग तासन्‌तास अंग चाटत बसायचं. एक दिवस ते अंगणात पाय झाडत, तोंडाला फेस येऊन मेलं. “फुरसं चावलं आसंल,” ती म्हणाली. मीही म्हणालो, फुरसंच असेल. शिवलिंगप्पाचा बैल मला तेव्हा आठवला का? आठवला असं आज वाटतं. पण तेव्हा खरंच आठवला होता की आता मागे वळून पाहताना मी तो तिथे नेऊन बांधतोय, हे मला सांगता येत नाही.

त्यानंतर पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. तिशीच्या असतील, जाड चष्मा, खांद्याला बाटल्यांची पेटी. गावोगावचं धान्य, वैरण, दूध, तूप घेऊन त्यात पावडर किती उतरते ते त्यांना तपासायचं होतं. मी हौसेनं त्यांना निंगव्वाकडे नेलं. माझा कडबा त्यांनी बघावा, असं मला वाटत होतं.

बाईंनी तुपासाठी बोटभर बाटली पुढे केली. निंगव्वा तिच्याकडे बघतच राहिली. “एवढुशा बाटलीत काय कळणार हाय वो? डबाच घिऊन जावा. आमच्या कर्रीचं तूप हाय. दाणेदार. पोरीला दिस गेलेत, तिच्या बाळंतपणासाठी साठवायला लागलेय.”

तिची एकुलती एक मुलगी कलावती सोलापुरात दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली होती. खांबाला टेकून ती पाय पसरून बसली होती, आईच्या बोलण्याला हसत होती. मला तिचं तेवढंच आठवतं. हसणं, आणि हातातली मनगटाला घट्ट झालेली हिरवी काकणं.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. त्या दिवशी त्यांच्याकडे वेळ नव्हता, गाडी होती. दुधनीच्या स्टेशनावर बाकड्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. निंगव्वाच्या दुधात पावडर होती. तुपात त्याच्या कितीतरी पट होती.

मला पटेना. “बाई, तूप तर त्याच दुधाचं. आणि कढवलेलं. अग्नीवरून उतरलेलं.”

“ही पावडर पाण्यात विरघळत नाही,” त्या म्हणाल्या, “चरबीत विरघळते. उन्हानं, पावसानं लवकर जात नाही, जमिनीत वर्षानुवर्षं राहते. म्हैस रोज कडब्याबरोबर थोडी थोडी खाते. तिला ती नीट बाहेर टाकता येत नाही, अंगातल्या चरबीत साठत राहते. तिथून दुधाच्या सायीत येते. तुम्ही दुधातलं पाणी बाजूला काढता, साय घेता. सायीतलं ताक काढता, लोणी घेता. लोणी कढवता, तूप घेता. दर पायरीला स्निग्ध तेवढं ठेवता. पावडर त्याच्याबरोबरच राहते.”

म्हणजे आपण जे जे सार म्हणून निवडून घेतो, त्यातच ती गोळा होत जाते. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आयुष्यभर मी ऐकत आलो होतो की तूप म्हणजे दुधाचं सार, आणि सार घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसाला द्यायचं असतं.

“आणि तूप खाणाऱ्या माणसाच्या अंगात?” मी विचारलं.

“तसंच साठतं.”

“त्या घरी मुलगी बाळंत होणार आहे.”

बाईंनी पेटीचा पट्टा खांद्यावर घेतला. मग म्हणाल्या, “आईचंही दूधच असतं ना, साहेब.”

मी विचारलं, किती वाईट आहे हे? काय होतं त्यानं? त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही. बहुतेक काहीच दिसणार नाही. पुढे कधी काय होईल, ते आत्ता कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण माझी बहीण असती तर मी ते तूप बंद केलं असतं.” गाडी आली. खिडकीतून त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगाल ना त्यांना? तुमचं ऐकतात ते.”

मी म्हटलं, सांगतो.

खरंच सांगायला गेलो होतो, एवढं वाचकांनी लक्षात घ्यावं. पण मी जाईपर्यंत कलावती बाळंत झाली होती, आणि गेलो त्याच दिवशी निंगव्वाकडे बारसं होतं. घर बायकांनी भरलेलं, पाळणा सजलेला, मुलगा झालेला. मला पाटावर बसवलं आणि पुढे होळगी आली. म्हणजे आपली पुरणपोळी. तुपाची वाटी घेऊन निंगव्वा समोर बसली.

“काय वो साहेब, आमच्या तुपाचा रिझल्ट लागला का न्हाय? पास का नापास?”

बायका हसल्या. मी म्हणालो, “अजून पुरता लागलेला नाही.”

“म्हंजे? अर्धा लागलाय व्हय?”

“त्यांना थोडी शंका आहे.”

निंगव्वाच्या हातातली वाटी तशीच राहिली. हसणं थांबलं. “कसली शंका? माझ्या तुपात वनस्पती तूप घातलंय म्हनत्यात?”

“तसं नाही, निंगव्वा...”

“मग कसं? आजपतोर ह्या घरातल्या तुपाला कुणी बोट लावलं न्हाय. व्यायांच्या म्होरं, बायकांच्या म्होरं तुमी शंका म्हणतासा. म्हस उपाशी हुती तवा बी मी दुधात पानी घातलं न्हाय वो.”

तिचे डोळे भरले होते. कलावतीची सासू मान खाली घालून ऐकत होती, आणि ती काय ऐकत होती हे सगळ्यांना कळत होतं. मी त्या क्षणी सगळं सांगायला हवं होतं. चूक तुपाची नाही, माझी आहे, एवढंच. पण ते सांगायला मला म्हशीपासून सुरुवात करावी लागली असती, चरबी, साय, आईचं दूध, आणि तिथे पाळण्यात पोर होतं. मला वाक्य सापडेना. निंगव्वाचा झालेला अपमान मात्र समोर दिसत होता. मी ताट पुढे सरकवलं. “कसली भेसळ? वाढा तूप.”

तिनं वाढलं. होळगी बुडेल एवढं वाढलं. तुपाला किंचित कुबट वास होता, पावडरीला यायचा तसा. होता का? की स्टेशनावरून मी तो नाकात घेऊन आलो होतो? मी सगळं खाल्लं. मनात असंही होतं की जे तिच्या पोरीच्या पोटात जातंय, ते माझ्याही पोटात जाऊ दे. मला ते प्रायश्चित्त वाटलं. बाहेरून मात्र ते काय दिसत होतं, ते निंगव्वाच्या तोंडून कळलं.

“बघा गं,” ती बायकांकडे वळून म्हणाली, “साहेबानं खाल्लं. पावडर खाऊन दावतोय न्हवं ह्यो मानूस? खोटं आसतं तर खाल्लं आसतं का?” आणि कलावतीच्या ताटात आणखी दोन पळ्या ओतल्या.

जेवण झाल्यावर मी तिला गोठ्याकडे बोलावलं. “कलावतीला तूप जरा कमी द्या.”

“का?”

“पचायला जड असतं.”

तिचा राग आता पूर्ण गेला होता. मोठ्यानं हसली. “बाळंतिणीला तूप जड? साहेब, तुमी कडब्याचं बघा, बाळंतिणीचं आमी बघताव.”

मी सायकल काढली.

त्यानंतर मी गंजीतली पावडर बंद करवली, गावोगाव फिरून. कारण मात्र भलतंच दिलं: वासामुळे जनावर कडबा टाकतं. लोकांनी ऐकलं. निंगव्वा तेवढी म्हणाली, “आमची कर्री तर मिटक्या मारीत खाती की.” तिची रचलेली गंज उभीच होती आणि पुढची दोन वर्षं कर्री तीच खात होती. बाईंना मी पत्र लिहिलं नाही. त्यांनीही नंतर विचारलं नाही. माझी बदली श्रीपूरकडे झाली. तिथे ऊस होता, कारखान्याचा भोंगा होता, निंगव्वा नव्हती. मी सुटलो असं मला वाटलं.

निवृत्त झालो त्या वर्षी एस.टी.नं दुधनीला गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो. निंगव्वा अंगणात खाटेवर बसली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं.

“कोन हाय?”

मी नुसतं “निंगव्वा” म्हणालो.

“अगो बया! पावडरसाहेब! बर्री, बर्री.” चाचपत तिनं माझा हात धरला. मग कर्रीच्या नातवंडांची चौकशी मी केली, माझ्या नातवंडांची तिनं. शेवटी मी कलावतीचं विचारलं.

“गेली की साहेब. तीन वर्सं झाली. छातीत गाठ झाली हुती. सोलापुरात दवाखाना केला, मिरजेला नेलं. चाळिशी बी गाठली न्हाय.” मुलगा मात्र चांगला होता, ठणठणीत, एका सूतगिरणीत लागला होता.

पुढे मी दोन डॉक्टरांना विचारलं. एकानं हसून सांगितलं, अशा गाठी तूप न पाहिलेल्या बायकांनाही होतात. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही. निंगव्वानं स्वतः जन्मभर तेच तूप खाल्लं आणि ती खाटेवर बसून माझा हात धरून होती. मीही खाल्लं, आणि मी हे लिहितोय. कर्री म्हातारी होऊन मेली. मांजर मेलं. ह्याची बेरीज कशी करायची, मला कोणी शिकवलेलं नाही. मी कुणाला मारलं की कुणालाच नाही, हे मला या वयात कळत नाही, आणि कळणारही नाही.

पण त्या दिवशी अंगणात मी ठरवलं होतं. म्हणालो, “निंगव्वा, मला एक सांगायचंय. त्या वर्षीची ती गंज...”

“त्या गंजीचं काय सांगतासा मला!” तिनं हात घट्ट दाबला. “त्या गंजीनं कर्री जगली. माझ्या पोरीला मी काय दिलं वो? सोनं न्हाय, शेत न्हाय. एक बाळंतपन तेवढं राजाच्या घरावानी केलं. हातानं तूप खाऊ घातलं. ती गेली तवा रडता रडता मला हेच आठवायचं, की पोरीनं माझ्या हातचं पोटभर तूप खाल्लं. ते तुमच्यामुळं, साहेब. मी देवाला रोज सांगती, त्या मानसाचं भलं कर.”

ती पुढे काय बोलली, ते माझ्या कानात शिरलं नाही. तिच्याकडे मुलीचं उरलेलं होतं ते एवढंच, आणि ते माझ्या हातात होतं.

“काय सांगत हुता तुमी?” तिनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “गंज चांगली होती.”

निघताना तिनं शेजारणीच्या हातून तुपाचा डबा दिला, माझ्या सुनेला सातवा महिना होता म्हणून. तोवर कडब्यावर पावडर कोणी टाकत नव्हतं, तूप चांगलंच असणार. तरी मी ते घरात कुणाला खाऊ दिलं नाही आणि टाकूनही देववलं नाही. देवापुढे निरांजनात जाळून संपवलं. घरच्यांना वाटलं, म्हातारा देवभक्त झाला.

निंगव्वा आता हयात नाही. तिच्या नातवाला हा अंक मिळाला आणि त्यानं वाचला, तर मला काहीही विचारायला तो येऊ शकतो, मी घरीच असतो. एस.टी.त घोकलेलं वाक्य अजून पाठ आहे, ते इथे लिहून ठेवतो.

निंगव्वा, तुमचं तूप नासवलं ते मी. आणि ते माहीत असून तुमच्या पाटावर बसून खाल्लं, म्हणून तुम्ही पोरीला आणखी वाढलंत. चुकलं माझं.